अजायी
पश्चिम आफ्रिकेतील योरुबा समाजात रूढ असलेले एक व्यक्तिनाम व त्यावरून पुढे प्रचारात आलेले आडनाव. जन्माच्या वेळी चेहरा खाली, जमिनीकडे असलेल्या मुलास हे नाव देण्याची परंपरा आहे. योरुबा लोकांची मुख्य वस्ती नायजेरियाच्या नैर्ऋत्य भागात असून शेजारच्या बेनिन व टोगो या देशांतही ते राहतात. एकोणिसाव्या शतकातील बिशप सॅम्युएल अजायी क्राउथर आणि विसाव्या शतकातील इतिहासकार जे. एफ. अडे अजायी या दोन व्यक्तींमुळे हे नाव आफ्रिकेबाहेरही परिचित झाले. क्राउथरच्या बाबतीत ते जन्मनाव होते, तर इतिहासकार अजायीच्या बाबतीत कुलनाम. एका पिढीत व्यक्तीच्या जन्माची खूण असलेले नाव पुढच्या काळात घराण्याची खूण कसे बनले, आणि गुलामगिरी, धर्मांतर व वसाहती राजवट या तीन आघातांतून ते कसे टिकून राहिले, हे या दोन चरित्रांवरून समजते.

नामकरणाची पद्धती : योरुबा समाजात नाव हे केवळ ओळखीचे साधन मानले जात नाही. मूल कोणत्या परिस्थितीत जन्मले, कुटुंबाची स्थिती त्या वेळी कशी होती, आईवडिलांच्या आशा-आकांक्षा काय होत्या, हे नावातून व्यक्त होते. योरुबा इतिहासकार सॅम्युएल जॉन्सन (१८४६–१९०१) याने आपल्या योरुबांच्या इतिहासात नावांचे प्रकार सविस्तर सांगितले आहेत. हा ग्रंथ त्याने १८९७ मध्ये पूर्ण केला. परंतु प्रकाशकाकडे पाठविलेले हस्तलिखित गहाळ झाल्यामुळे त्याचा भाऊ ओबादाया याने टिपणांच्या आधारे तो पुन्हा सिद्ध केला व १९२१ मध्ये तो प्रसिद्ध झाला. जॉन्सनच्या मते बारशाचा पारंपरिक दिवस मुलासाठी नववा, मुलीसाठी सातवा आणि जुळ्यांसाठी आठवा असे. अलीकडे सर्वांसाठी आठवा दिवस सर्वसाधारणपणे पाळला जातो.

नावांचे चार प्रकार विशेष महत्त्वाचे आहेत. पहिला प्रकार ‘अमुतोरुन्वा’ म्हणजे मुलाने स्वर्गातून आपल्याबरोबर आणलेली नावे. ही नावे आईवडील निवडीत नाहीत. जन्माच्या विशिष्ट स्थितीमुळे ती आपोआप ठरतात. जुळ्यांपैकी प्रथम जन्मणारा तायवो व नंतरचा केहिंदे, जुळ्यांच्या पाठीवर जन्मणारा इदोवू व त्याच्या पाठीवरचा अलाबा, ही या प्रकारातील सर्वपरिचित उदाहरणे होत. जुळ्यांपैकी केहिंदे हाच थोरला मानला जातो, कारण जग कसे आहे हे पाहण्यासाठी त्याने धाकट्याला पुढे पाठविले अशी समजूत आहे. मराठीत ज्याला पायाळू म्हणतात त्या मुलाचे नाव योरुबात इगे असे ठेवतात. गळ्याभोवती नाळेचा वेढा असलेला मुलगा ओजो व मुलगी आयना, जन्मतः जटा असलेले मूल दादा, आणि चेहरा खाली असलेले मूल अजायी होय. मराठीत पायाळू हे केवळ विशेषण राहिले. योरुबात अशा स्थितीचेच व्यक्तिनाम झाले, हा भेद लक्षणीय आहे.

दुसरा प्रकार ‘अबीसो’ म्हणजे जन्मानंतर दिलेली नावे. यांत कुटुंबाचा इतिहास व दर्जा व्यक्त होतो. ‘अडे’ म्हणजे मुकुट; ज्या नावांच्या आरंभी हा शब्द येतो ती सामान्यतः राजघराण्याशी असलेला संबंध सुचवितात. बाबातुंडे (वडील परत आले) हे नाव आजोबांच्या मृत्यूनंतर जन्मलेल्या नातवाला देतात. तिसरा प्रकार ‘ओरिकी’ म्हणजे लाडाची अथवा स्तुतिपर नावे. अजानी हे असे एक नाव असून उच्चारसादृश्यामुळे त्याची अजायीशी गल्लत होण्याचा संभव असतो. परंतु दोन्ही नावे प्रकाराने व अर्थाने वेगळी आहेत. चौथा प्रकार ‘अबिकू’ नावांचा. वारंवार जन्म घेऊन अल्पायुषी ठरणाऱ्या मुलाने या वेळी तरी राहावे, अशी विनवणी त्यांत असते, उदा., दुरोजाय्ये (राहा आणि जगण्याचा आनंद घे).

योरुबा ही स्वराघातयुक्त भाषा असून तीत उच्च, मध्यम व नीच असे तीन सूर अर्थभेदक असतात. अजायी या नावातील पहिली दोन अक्षरे नीच सुरात व अखेरचे अक्षर उच्च सुरात उच्चारतात. जुन्या इंग्रजी लेखनात हे नाव ‘अड्जाय’ सारख्या रूपांतही आढळते. लेखनातील ही अनिश्चितता योरुबा लिपी स्थिर होण्यापूर्वीच्या काळाची आहे; ती दूर करण्याच्या कामात याच नावाच्या व्यक्तीचा मोठा वाटा होता.

सॅम्युएल अजायी क्राउथर : (सु. १८०९–३१ डिसेंबर १८९१). अँग्लिकन चर्चचा पहिला आफ्रिकी बिशप व योरुबा भाषेच्या लेखनपरंपरेचा एक प्रवर्तक. त्याचा जन्म सध्याच्या ओयो राज्यातील ओशोगुन या गावी झाला. अठराव्या शतकात बलाढ्य असलेले ओयो साम्राज्य त्या वेळी मोडकळीस आले होते. अंतर्गत बंडाळ्या व यादवी युद्धे यांमुळे गावेच्या गावे उद्‌ध्वस्त होत होती आणि युद्धकैद्यांची गुलाम म्हणून विक्री होत होती. १८२१ मध्ये ओशोगुनवर हल्ला झाला व आई आणि भावंडांसह अजायी पकडला गेला. त्याला एका घोड्याच्या मोबदल्यात देण्यात आले. पुढेही त्याची अनेकदा विक्री झाली. अखेरीस लागोस येथे त्याला पोर्तुगीज गुलामवाहू जहाजावर चढविण्यात आले. ब्रिटनने १८०७ मध्ये गुलामांचा व्यापार बेकायदा ठरविला होता व त्याच्या युद्धनौका पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गस्त घालीत. एप्रिल १८२२ मध्ये ‘मर्मिडॉन’ या ब्रिटिश युद्धनौकेने हे जहाज पकडले आणि त्यावरील लोकांना सिएरा लिओनमधील फ्रीटाउन येथे मुक्त करण्यात आले. या सर्व प्रसंगांचे वर्णन क्राउथरने स्वतः १८३७ मध्ये लिहिलेल्या एका पत्रात केले आहे. गुलाम झालेल्या माणसाने स्वतःच्या शब्दांत सांगितलेली अशी हकीकत दुर्मिळ असल्याने या पत्रास ऐतिहासिक साधन म्हणून महत्त्व आहे.

सिएरा लिओनमध्ये चर्च मिशनरी सोसायटी या संस्थेच्या शाळेत तो लिहावाचावयास शिकला. ११ डिसेंबर १८२५ रोजी त्याचा बाप्तिस्मा झाला आणि लंडनमधील एका धर्मगुरूच्या नावावरून त्याला सॅम्युएल क्राउथर हे नाव मिळाले. मिशनला साहाय्य करणाऱ्या इंग्रज आश्रयदात्यांची नावे मुक्त केलेल्या मुलांना देण्याची पद्धत तेथे होती. अशा रीतीने अनेक योरुबा, इग्बो व इतर मुलांची जन्मनावे मागे पडली आणि ज्यांना त्यांनी कधी पाहिले नव्हते अशा इंग्रजांची नावे त्यांच्या कुळांस चिकटली. क्राउथरच्या बाबतीत मात्र जन्मनाव पूर्णपणे लोपले नाही. इंग्रजी नाव व इंग्रजी आडनाव यांच्या मध्ये अजायी हे नाव टिकून राहिले.

१८२७ मध्ये स्थापन झालेल्या फुरा बे कॉलेजच्या पहिल्या विद्यार्थ्यांत तो होता. १८४१ च्या नायजर नदीवरील ब्रिटिश मोहिमेत त्याने भाग घेतला. या मोहिमेत अनेक यूरोपीय तापाने मरण पावले. आफ्रिकेच्या अंतर्भागात धर्मप्रसाराचे कार्य प्रामुख्याने आफ्रिकी कार्यकर्त्यांकडूनच व्हावयास हवे, या मताला त्यामुळे बळकटी आली. १८४३ मध्ये लंडन येथे क्राउथरला धर्मगुरुपदाची दीक्षा देण्यात आली आणि त्याच वर्षी त्याचा योरुबा शब्दसंग्रह प्रसिद्ध झाला. १८४४ मध्ये फ्रीटाउन येथे त्याने योरुबा भाषेत उपासना चालविली. १८४६ मध्ये तो इतर मिशनऱ्यांबरोबर आबेओकुटा येथे पोहोचला. तेथे सुमारे २५ वर्षांच्या ताटातुटीनंतर त्याची व आई अफाला हिची भेट झाली. १८४८ मध्ये तिने बाप्तिस्मा घेतला व तिला हॅना हे नाव देण्यात आले. बायबलमधील सॅम्युएलच्या आईचे नाव हॅना असे आहे. म्हणजे येथे मुलाच्या नव्या नावावरून आईचे नवे नाव ठरले.

भाषाविषयक कार्य : क्राउथरच्या कार्याचा सर्वांत टिकाऊ भाग म्हणजे त्याने योरुबा भाषेसाठी केलेले काम होय. १८५२ मध्ये त्याचे योरुबा व्याकरण व विस्तारित शब्दसंग्रह प्रसिद्ध झाला. बायबलमधील रोमकरांस पत्राचे त्याने केलेले भाषांतर १८५० मध्ये छापण्यात आले. पुढे इतर सहकाऱ्यांच्या मदतीने चाललेले संपूर्ण बायबलच्या भाषांतराचे काम १८८० नंतरच्या दशकात पुरे झाले. बाजारात, शेतावर व वृद्धांच्या बैठकीत बोलली जाणारी भाषा ऐकून त्याने शब्द व म्हणी जमविल्या. ईश्वरासाठी त्याने ‘ओलोरुन’ हा प्रचलित योरुबा शब्द स्वीकारला. धर्मगुरूसाठी त्याने ‘अलुफा’ हा मुसलमान धर्मशिक्षकांसाठी रूढ असलेला शब्द योजला. सैतानासाठी मात्र त्याने ‘एशू’ या योरुबा देवतेचे नाव वापरले. पारंपरिक धर्मात एशू ही संदेशवाहक, विघ्ने आणणारी पण केवळ दुष्ट नसलेली देवता आहे. त्यामुळे या निवडीवर पुढील काळात बरीच टीका झाली. शब्दाची निवड एखाद्या देवतेची प्रतिमा कशी बदलू शकते, याचे हे उदाहरण आहे. १८७५ मध्ये लागोस येथे योरुबा लेखनपद्धतीविषयी भरलेल्या परिषदेच्या अध्यक्षस्थानी क्राउथर होता. रोमन लिपीतील काही अक्षरांखाली खूण देऊन वेगळे योरुबा ध्वनी दाखविण्याची पद्धत या काळात स्थिरावली. इग्बो व नूपे या भाषांसाठीही त्याने प्राथमिक पुस्तके तयार केली.

बिशपपद व अखेरचा काळ : चर्च मिशनरी सोसायटीचा चिटणीस हेन्री व्हेन (१७९६–१८७३) याचे मत असे होते, की स्थानिक चर्चने स्वतःचा कारभार, स्वतःचा खर्च व स्वतःचा प्रसार स्वतःच करावा. त्याच्या आग्रहावरून २९ जून १८६४ रोजी कँटरबरी कॅथीड्रलमध्ये क्राउथरला बिशपपद देण्यात आले. ऑक्सफर्ड विद्यापीठाने त्याला डॉक्टर ऑफ डिव्हिनिटी ही पदवी दिली. ब्रिटिश राणीच्या अमलाबाहेरील पश्चिम आफ्रिका हे त्याचे क्षेत्र ठरले. या शब्दरचनेमुळे १८६१ पासून ब्रिटिश वसाहत बनलेले लागोस त्याच्या अधिकाराबाहेर राहिले, आणि आबेओकुटातील यूरोपीय मिशनऱ्यांनीही आफ्रिकी बिशपच्या हाताखाली काम करण्यास विरोध केला. ज्या योरुबा प्रदेशाची भाषा त्याची मातृभाषा होती, तो सोडून नायजर नदीकाठच्या इग्बो, नूपे व त्रिभुज प्रदेशातील लोकांत त्याला काम करावे लागले.

व्हेनच्या मृत्यूनंतर परिस्थिती पालटली. १८८४–८५ च्या बर्लिन परिषदेनंतर आफ्रिकेच्या विभागणीला वेग आला आणि १८८६ मध्ये रॉयल नायजर कंपनीला सनद मिळाली. आफ्रिकी नेतृत्वावरील विश्वासाची जागा वंशश्रेष्ठत्वाच्या कल्पनांनी घेतली. इंग्लंडहून आलेल्या तरुण मिशनऱ्यांनी नायजर मिशनमधील आफ्रिकी कार्यकर्त्यांवर गैरवर्तनाचे आरोप ठेवले. १८९० मध्ये ओनित्शा येथील बैठकीत वृद्ध बिशपसमोरच त्याच्या अनेक सहकाऱ्यांना दूर करण्यात आले. क्राउथरने समितीचा राजीनामा दिला. ३१ डिसेंबर १८९१ रोजी लागोस येथे तो मरण पावला. त्याच्या जागी यूरोपीय बिशपची नेमणूक झाली आणि आफ्रिकी धर्मगुरूंना प्रथम साहाय्यक बिशपपदांवरच समाधान मानावे लागले. त्याचा मुलगा डँडसन क्राउथर याच्या पुढाकाराने १८९२ मध्ये नायजर त्रिभुज प्रदेशातील चर्चने सोसायटीपासून आर्थिकदृष्ट्या स्वतंत्र कारभार सुरू केला. क्राउथरचा दौहित्र हर्बर्ट मेकॉले (१८६४–१९४६) हा नायजेरियन राष्ट्रवादाचा एक आद्य प्रणेता होय. मेकॉले हे त्याचे आडनावही सिएरा लिओनमधील नामांतराच्या त्याच पद्धतीची आठवण देते. भारतातील शिक्षणविषयक टिपणाच्या कर्त्याशी त्याच्या घराण्याचा रक्तसंबंध नाही.

व्यक्तिनामाचे आडनाव : परंपरागत योरुबा पद्धतीत पिढ्यान्‌पिढ्या चालणारे आडनाव नव्हते. एका व्यक्तीस अनेक नावे असत व वंश ओळखण्यासाठी ओरिकीचा उपयोग होई. लढवय्यांना पराक्रमावरून विशेष नाव मिळे. १८७८ मधील इकिरुनच्या लढाईत इबादानच्या सैन्याचे नेतृत्व करणारा बालोगुन अजायी ओग्बोरिएफोन हे याचे उदाहरण होय. त्याच्या बाबतीत अजायी हे जन्मनाव, बालोगुन हे सेनापतिपद व ओग्बोरिएफोन हे उपनाम होते. यांपैकी कोणतेही आजच्या अर्थाने आडनाव नव्हते.

शाळा, चर्च व वसाहती शासन यांच्या नोंदवह्यांत प्रत्येक व्यक्तीसाठी एक स्थिर कुलनाम आवश्यक ठरले. पुष्कळांनी वडिलांचे अथवा आजोबांचे व्यक्तिनाम आडनाव म्हणून लावले. परिणामी एकेकाळी एका व्यक्तीच्या जन्माशी निगडित असलेले नाव, जन्माची स्थिती काहीही असली तरी, पुढील सर्व वंशजांना लागू झाले. अजायीप्रमाणेच ओजो, इगे, तायवो, इदोवू, अलाबा ही अमुतोरुन्वा नावेही आज आडनावे म्हणून आढळतात.

दुसऱ्या बाजूने, इंग्रजी आडनावे टाकून योरुबा नावे घेण्याची चळवळ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लागोसमध्ये सुरू झाली. क्राउथरच्या अधिकाराची झालेली गळचेपी या जागृतीच्या कारणांपैकी एक होती. डेव्हिड ब्राउन व्हिन्सेंट या बॅप्टिस्ट धर्मगुरूने १८९४ मध्ये मोजोला अग्बेबी (१८६०–१९१७) हे नाव धारण केले. ख्रिस्ती होण्यासाठी यूरोपीय नाव व पोशाख यांची गरज नाही, असे तो प्रतिपादन करी. अशा रीतीने परके नाव टाकून नवे योरुबा नाव घेणे आणि जुन्या योरुबा नावाचे आडनाव करणे, या दोन्ही मार्गांनी योरुबा नावे आधुनिक व्यवहारात परत आली.

जे. एफ. अडे अजायी : (२६ मे १९२९–९ ऑगस्ट २०१४). नायजेरियन इतिहासकार. संपूर्ण नाव जेकब फेस्टस अडेनियी अजायी. जन्म इकोले-एकिती येथे. पहिली दोन नावे बायबल व रोमन परंपरेतील, अडेनियी (मुकुटास प्रतिष्ठा आहे) हे अबीसो प्रकारचे व अजायी हे अमुतोरुन्वा प्रकारचे. परंतु हे शेवटचे आता कुलनाम झालेले. योरुबा नामपरंपरेतील वर वर्णिलेले स्थित्यंतर या एकाच नावात प्रतिबिंबित झालेले आहे. इबादान, लेस्टर व लंडन येथे शिक्षण घेऊन १९५८ मध्ये त्याने लंडन विद्यापीठाची पीएच्.डी. मिळविली व इबादान येथे अध्यापनास प्रारंभ केला. केनेथ डिके याच्याबरोबर इबादानच्या इतिहासपंथाच्या प्रमुखांत त्याची गणना होते. लिखित सरकारी कागदपत्रांबरोबरच मौखिक परंपरांचाही पुरावा म्हणून वापर करणे आणि आफ्रिकेचा इतिहास आफ्रिकी समाजांच्या दृष्टीने मांडणे, ही या पंथाची वैशिष्ट्ये होत.

नायजेरियातील ख्रिस्ती मिशनांवरील त्याचा मुख्य ग्रंथ १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला. या ग्रंथाचा कालखंड १८४१ ते १८९१ असा आहे. म्हणजे नायजर मोहिमेपासून क्राउथरच्या मृत्यूपर्यंतचा. मिशनऱ्यांच्या शाळांतून शिकलेला नवा आफ्रिकी वर्ग कसा घडला आणि तो वर्ग समर्थ होताच त्याच्या हातचे अधिकार कसे काढून घेण्यात आले, हा त्याचा मध्यवर्ती विषय होय. क्राउथरच्या अपयशाची जी कारणे मिशनच्या वृत्तांतांत देण्यात येत, त्यांची छाननी करून अजायीने त्यांमागील राजकीय व वांशिक कारणे दाखवून दिली. योरुबा भाषेच्या लेखनाचा इतिहास व एकोणिसाव्या शतकातील योरुबा युद्धे यांवरही त्याचे लेखन आहे. वसाहती राजवट हा आफ्रिकेच्या दीर्घ इतिहासातील केवळ एक टप्पा होता, तिच्यामुळे आफ्रिकी संस्थांचे सातत्य संपूर्णतः तुटले नाही, हा त्याचा सिद्धांत विशेष गाजला. या मतावर, वसाहतवादाने घडविलेल्या आर्थिक बदलांची खोली त्यात कमी लेखली गेली, असा आक्षेप घेण्यात येतो. १९७२–७८ या काळात तो लागोस विद्यापीठाचा कुलगुरू होता. यूनेस्कोच्या आफ्रिकेच्या सामान्य इतिहासाच्या सहाव्या खंडाचे (१९८९) संपादन त्याने केले.

अन्य व्यक्ती : विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झालेल्या स्थलांतरामुळे अजायी हे आडनाव ब्रिटन व अमेरिकेतही प्रचलित झाले आहे. लंडन येथे जन्मलेला जे अजायी (१९९३–    ) हा अमेरिकन फुटबॉल खेळाडू फेब्रुवारी २०१८ मध्ये सुपर बोल जिंकणाऱ्या फिलाडेल्फिया ईगल्स संघात होता. सेमी अजायी (१९९३–    ) हाही इंग्लंडमध्ये जन्मलेला असून त्याने फुटबॉलमध्ये नायजेरियाचे प्रतिनिधित्व केले. ज्यूनियर अजायी (१९९६–    ) हा रिओ दे झानेरो येथील २०१६ च्या ऑलिंपिक स्पर्धेत कांस्यपदक मिळविणाऱ्या नायजेरियन फुटबॉल संघाचा खेळाडू होय. नायजेरियात जन्मलेली अमेरिकन लेखिका लव्ही अजायी जोन्स (१९८५–    ) हिने विवाहानंतरही अजायी हे नाव आपल्या नावात राखले आहे.

क्राउथरचे नाव आज सामान्यतः ‘अजायी क्राउथर’ असे घेतले जाते. ओयो येथे २००५ मध्ये स्थापन झालेल्या अँग्लिकन विद्यापीठाचे नावही अजायी क्राउथर विद्यापीठ असे असून त्यात सॅम्युएल हा शब्द नाही. बिशपपदाच्या दीक्षेस दीडशे वर्षे पूर्ण झाल्यानिमित्त २०१४ मध्ये कँटरबरी येथे झालेल्या उपासनेत आर्चबिशप जस्टिन वेल्बी याने क्राउथरला चर्चकडून मिळालेल्या वागणुकीबद्दल क्षमा मागितली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये इतिहासकार अजायीचे निधन झाले. बाप्तिस्म्याने मिळालेले नाव क्राउथरने अखेरपर्यंत सन्मानाने वापरले व आपल्या ख्रिस्ती निष्ठेशी त्याने कधी तडजोड केली नाही. म्हणून त्याच्या नावातील अजायी या शब्दाकडे केवळ बंडाचे चिन्ह म्हणून पाहणे योग्य ठरणार नाही. दोन नावे एकत्र बाळगून जगण्याची शक्यता त्याने सिद्ध केली. त्यांपैकी जन्मनावाला अग्रस्थान देण्याचे काम पुढील पिढ्यांनी केले.